विश्लेषण : ‘हे सोडून बाकी सगळे दाखव’… लॉग शोधण्यामागचे गणित मांडणारे जॉर्ज बूल कोण होते?

तिकीट काढताना पैसे खात्यातून गेले, पण तिकीट आले नाही, हा अनुभव स्मार्टफोन वापरणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी आलेला असतो. आपण हेल्पलाइनला फोन लावतो. तिकडे कुठल्या तरी ऑफिसात रात्रपाळीचा इंजिनीअर ‘लॉग’ उघडून बसतो. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोणती विनंती किती वाजता आली, कुठे गेली, काय उत्तर मिळाले, याची ओळीमागून ओळ नोंद. मोठ्या ॲपच्या लॉगमध्ये बघता बघता लाखो ओळी साठतात आणि त्यातल्या बहुतेक ‘सगळे ठीक चालले आहे’ एवढेच सांगणाऱ्या असतात. म्हणून इंजिनीअरचे पहिले काम असते नको त्या ओळी बाजूला काढण्याचे.

त्यासाठी तो सर्च बॉक्समध्ये नको असलेल्या शब्दाआधी ‘नॉट’ लिहितो किंवा वजा चिन्ह देतो. शब्द अर्धवट माहीत असेल तर पुढे तारा (*) लावतो. यातल्या ‘नॉट’मागचे गणित १८४७ आणि १८५४ मध्ये मांडले गेले. मांडणारा माणूस कधी विद्यापीठात शिकलेला नव्हता. तो एका इंग्लिश गावातला शाळामास्तर होता. त्याचे नाव जॉर्ज बूल. प्रोग्रामिंग करणारे ‘बूलियन’ हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतात, पण हे कोणाचे आडनाव आहे याचा पत्ता अनेकांना नसतो. इंजिनीअरिंगची चार वर्षे मलाही नव्हता.

बूट बनवणाऱ्याचा मुलगा गणिताकडे कसा वळला?

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल बूट बनवत, पण त्यांचे मन रमायचे दुर्बिणी आणि भिंगांमध्ये. साहजिकच दुकान कधी नीट चालले नाही. आई लग्नाआधी एका श्रीमंत घरात कामाला होती. वडिलांनी मुलाला गणिताचे पहिले धडे दिले, ओळखीच्या एका पुस्तकविक्रेत्याने लॅटिन शिकवले आणि ग्रीक मुलगा स्वतःच शिकला. १४ व्या वर्षी त्याने केलेला एका ग्रीक कवितेचा अनुवाद स्थानिक वृत्तपत्रात छापून आला, तेव्हा एवढ्या लहान मुलाला हे जमणेच शक्य नाही, अशी शंका एका शिक्षकाने जाहीरपणे घेतली होती.

१६ व्या वर्षी वडिलांचा धंदा बसला आणि घर चालवण्याची जबाबदारी जॉर्जवर आली. तो डॉनकास्टरच्या एका शाळेत मदतनीस शिक्षक झाला. १९ व्या वर्षी त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. पुढची जवळपास १५ वर्षे शाळा चालवणे, आईवडील आणि भावंडांना पोसणे आणि उरलेल्या वेळात गणित, असा त्यांचा क्रम राहिला. गणितच का, याचे एक व्यवहारी कारण सांगितले जाते. पुस्तके विकत घ्यायला पैसे कमी होते आणि गणिताचे एक पुस्तक संपायला इतर पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागत! लाक्रुआ, लाग्रांज, लाप्लास या फ्रेंच गणितज्ञांचे ग्रंथ त्यांनी असे एकट्याने, कोणी समजावून सांगणारे नसताना वाचले.

केंब्रिजहून निघणाऱ्या गणिताच्या नियतकालिकाचे संपादक डंकन ग्रेगरी यांनी त्यांचे लेख छापायला सुरुवात केली. पुढे केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घेण्याचा विषयही निघाला. पण शाळा सोडली तर घरी खाणार काय, या प्रश्नाला उत्तर नव्हते. ते गेले नाहीत. १८४४ मध्ये मात्र याच शाळामास्तराला रॉयल सोसायटीचे रॉयल मेडल मिळाले.

‘निवडणे’ हीच क्रिया गणितात कशी आली?

डॉनकास्टरला असताना, १७ वर्षांचे असताना, एका शेतातून चालत जाताना बूल यांच्या मनात एक कल्पना चमकून गेली, असे त्यांच्या पत्नीने पुढे लिहून ठेवले आहे. माणसाचा विचार कसा चालतो, हे बीजगणिताच्या चिन्हांत लिहिता येईल का, अशी ती कल्पना. तिला १८४७ मध्ये कागदावर उतरायला निमित्त मिळाले ते एका भांडणाचे. लंडनचे गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन आणि स्कॉटिश तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन यांच्यात तर्कशास्त्रातील एका मुद्द्याच्या श्रेयावरून जाहीर वाद पेटला होता. बूल यांनी त्यात उडी घेतली नाही, पण आपले जुने विचार बाहेर काढून एक छोटेखानी पुस्तक लिहिले.

त्यातली मुख्य कल्पना आजच्या सर्चची सवय असलेल्या वाचकाला लगेच कळेल. समोर जे काही आहे ते सगळे म्हणजे १. काहीच नाही म्हणजे ०. ‘क्ष’ हे अक्षर म्हणजे संख्या नव्हे. ती निवडण्याची क्रिया आहे. सगळ्यातून फक्त पांढऱ्या वस्तू निवडा, हा झाला क्ष. फक्त मेंढ्या निवडा, हा झाला य. मग क्षय म्हणजे पांढऱ्या मेंढ्या. आधी मेंढ्या निवडून त्यातून पांढऱ्या घेतल्या काय किंवा उलटे केले काय, उत्तर तेच. आणि एकदा पांढऱ्या निवडल्यावर पुन्हा ‘पांढऱ्या निवडा’ म्हटले तर काही बदलत नाही. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. शाळेतल्या बीजगणितात हे समीकरण फक्त ० आणि १ या दोन संख्यांसाठी खरे ठरते. बूल यांच्या गणितात ते प्रत्येक निवडीसाठी खरे आहे. लॉगवर तोच फिल्टर दोनदा लावून पाहा, ओळींची संख्या तितकीच राहते.

वजा चिन्हाची अट काय होती?

१८५४ च्या मोठ्या ग्रंथात बूल यांनी ‘सोडून’, ‘वगळता’ या अर्थाच्या शब्दांसाठी सरळ वजा चिन्ह वापरले. सगळ्यातून क्ष वजा केले की उरते ते १ − क्ष, म्हणजे ‘क्ष नसलेले सर्व’. आजही अनेक सर्च बॉक्समध्ये नको असलेल्या शब्दाआधी वजा चिन्ह देतात. चिन्ह तेच, अर्थही तोच. फरक एवढाच की बूल यांनी या वजाबाकीला अट घातली होती. जे वजा करायचे ते आधी मूळ गटात असले पाहिजे. तसे नसेल तर त्या वजाबाकीला अर्थच नाही.

सर्च बॉक्स ही अट पाळत नाही. ‘डीबग’ लिहिताना स्पेलिंग चुकले, तर असा शब्द लॉगमध्ये नाही, अशी तक्रार तो करणार नाही. काहीच न वगळता सगळ्या ओळी पुढे ठेवील. ही चूक निदान दिसते तरी. खरी अडचण उलट्या बाजूला आहे. जास्त वगळले गेले तर काय गेले ते दिसतच नाही, कारण ते गेलेले असते.

बूल यांच्या गणितातली दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ‘क्ष नसलेले’ म्हणायचे तर ‘सगळे’ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे लागते. १ − क्ष मधला १ ठरल्याशिवाय उत्तर ठरत नाही. स्प्लंक या लॉग शोधण्याच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये याचा लख्ख नमुना आहे. सर्व्हरने विनंती व्यवस्थित पार पाडली की तो २०० हा स्टेटस देतो. आता २०० नसलेल्या ओळी हव्या आहेत. ‘नॉट स्टेटस=२००’ असे लिहिले, तर ज्या ओळींत स्टेटसचा रकानाच नाही त्याही येतात. ‘स्टेटस!=२००’ असे लिहिले, तर स्टेटस आहे पण तो २०० नाही अशाच ओळी येतात. मराठीत दोन्हींचे भाषांतर एकच होईल. पण पहिल्यातला १ म्हणजे सगळा लॉग, दुसऱ्यातला १ म्हणजे स्टेटस असलेल्या ओळींपुरता लॉग. उत्तर देण्याआधीच कोसळलेल्या सर्व्हरने स्टेटस लिहिलेला नसतो! तुमचे अडकलेले तिकीट कदाचित अशाच एखाद्या ओळीत असेल. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतही कोरा रकाना ‘बरोबर नाही’च्या तुलनेत असाच गुपचूप गळतो.

यावर तपासणी बूल यांच्याच समीकरणात आहे. क्ष अधिक (१ − क्ष) बरोबर १. फिल्टर लावून किती ओळी आल्या ते पाहा, नेमका उलटा फिल्टर लावून किती आल्या ते पाहा, बेरीज एकूण ओळींइतकी भरते का ते पाहा. भरली नाही तर काहीतरी दोन्हीकडून निसटले आहे. दोन मिनिटांचे काम आहे, पण घाईत कोणी करत नाही.

मदुराईत जन्मलेल्या डी मॉर्गन यांचा नियम इथे कसा येतो?

ज्यांच्या भांडणामुळे बूल लिहिते झाले, ते डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याकडे मदुराईत जन्मले होते. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात होते. अगदी तान्हेपणी ऑगस्टस यांचा एक डोळा गेला आणि त्यानंतर लवकरच कुटुंब इंग्लंडला परतले. बूल आणि डी मॉर्गन यांचा पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे चालला. १८४७ मध्ये दोघांची तर्कशास्त्रावरची पुस्तके जवळजवळ एकाच वेळी बाहेर आली, तरी दोघांत कधी श्रेयाचा वाद झाला नाही.

डी मॉर्गन यांच्या नावाचा नियम लॉग शोधणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. समजा, ‘डीबग’ आणि ‘इन्फो’ या दोन्ही प्रकारच्या ओळी नको आहेत. बोलताना आपण सहज म्हणतो, डीबग किंवा इन्फो नको. तेच घाईत ‘नॉट डीबग ऑर नॉट इन्फो’ असे टाइप केले, तर एकही ओळ वगळली जात नाही. कारण डीबगची ओळ इन्फो नसते, म्हणून ती दुसऱ्या अटीत बसते. इन्फोची ओळ डीबग नसते, म्हणून ती पहिल्या अटीत बसते. पाहिजे ते ‘नॉट (डीबग ऑर इन्फो)’ किंवा ‘नॉट डीबग अँड नॉट इन्फो’. कंस उघडताना ‘नॉट’ आत शिरला की ‘ऑर’चा ‘अँड’ होतो, एवढाच तो नियम.

ताऱ्याचे चिन्हही बूल यांचेच का?

नाही. पण त्याचा एक दूरचा भाऊ त्यांच्याकडे होता. ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ हे वाक्य चिन्हांत लिहायचे तर माणसे म्हणजे मर्त्यांपैकी ‘काही’, असे मांडावे लागते. या ‘काही’साठी बूल यांनी ‘व्ही’ हे अक्षर घेतले. तो एक अनिश्चित गट. त्यात नेमके कोण, ते सांगायचे नाही. त्यांच्या साऱ्या पद्धतीतला हा सर्वांत दुबळा दुवा ठरला. दोन वाक्यांत दोन ‘व्ही’ आले तर ते एकच ‘काही’ की वेगवेगळे, हे चिन्हाकडे पाहून कळत नसे. नंतरच्या तर्कशास्त्रज्ञांनी तो सोडून दिला आणि फ्रेगे, पर्स यांनी ‘सर्व’ व ‘काही’साठी वेगळी व्यवस्था उभी केली.

आजच्या ताऱ्याची एक वाट अमेरिकी गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांच्या १९५१ च्या कामापर्यंत जाते. त्यांच्या पद्धतीत तारा म्हणजे मागच्या चिन्हाची कितीही वेळा पुनरावृत्ती, शून्य वेळाही. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये ती पद्धत संगणकावर मजकूर शोधण्यासाठी वापरली आणि त्यातून ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ घरोघरी पोहोचले. वाइल्डकार्डमधला तारा मात्र वेगळा. तो एकटाच ‘इथे काहीही चालेल, काही नसले तरी चालेल’ असे सांगतो आणि प्रश्नचिन्ह बहुधा एका अक्षराची जागा घेते. चिन्ह एक, अर्थ दोन. नवशिक्यांची निम्मी गडबड इथेच होते.

तारा कुठे लावला यावरही बरेच अवलंबून असते. एसटीच्या गावांची यादी अकारविल्हे लावली आहे असे समजा. ‘गोरे*’ शोधायचे तर ग चे पान उघडले की गोरेगाव मिळाले. ‘*गाव’ शोधायचे तर जळगाव, कोरेगाव, मडगाव, सगळ्या यादीवरून बोट फिरवावे लागेल. लॉगचे शब्दही अनेक सॉफ्टवेअर असेच क्रमाने लावून ठेवतात. त्यामुळे सुरुवातीलाच तारा दिला की शोध मंदावतो, काही ठिकाणी तर तो मुळात बंदच ठेवलेला असतो. अवतरणचिन्हांच्या आत लिहिलेला तारा बऱ्याचदा तारा राहतच नाही, साधे अक्षर होतो.

वजा आणि तारा एकत्र आले की जास्तच जपावे लागते. वडाळा नको म्हणून ‘वड*’ वगळले, तर वडगाव आणि वडनेरही गेले. पत्रकारितेत येण्यापूर्वी काही काळ मी एका कंपनीत रात्रपाळीला लॉग पाहायचो. सर्व्हर जिवंत आहे का, हे विचारणाऱ्या ‘हेल्थ चेक’च्या ओळींचा कचरा नको म्हणून मी ‘*हेल्थ*’ वगळले होते. पडदा अगदी स्वच्छ. ज्या सर्व्हरने मान टाकली होती, तो दर काही सेकंदांनी ‘अनहेल्थी’ असे लिहीत होता. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्या शब्दाच्या पोटातच ‘हेल्थ’ आहे, हे पहाटे चहा घेताना लक्षात आले. दोन तास गेले होते.

पदवी नसताना प्राध्यापक कसे झाले?

१८४९ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात नवे क्वीन्स कॉलेज सुरू झाले आणि बूल तिथले गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. पदवी नव्हती, पण डी मॉर्गन यांच्यासह नामवंत गणितज्ञांची शिफारसपत्रे होती. आयर्लंड तेव्हा बटाट्याच्या महादुष्काळातून जात होते. वयाच्या ३४ व्या वर्षी बूल यांना पहिल्यांदा गणितासाठी पगार मिळू लागला.

कॉर्कमध्येच त्यांची मेरी एव्हरेस्ट यांच्याशी ओळख झाली. त्यांचे एक काका जॉर्ज एव्हरेस्ट भारताचे सर्व्हेअर जनरल होते. जगातल्या सर्वांत उंच शिखराला ज्यांचे नाव दिले गेले तेच. दुसरे नातेवाईक कॉर्कच्या कॉलेजात ग्रीकचे प्राध्यापक होते. मेरी १७ वर्षांनी लहान होत्या आणि त्यांना गणिताची गोडी होती. शिकवणीतून मैत्री झाली आणि १८५५ मध्ये लग्न. मेरी यांनी पुढे मुलांना गणित कसे शिकवावे यावर पुस्तके लिहिली. त्यांचे नाव फक्त बूल यांची पत्नी म्हणून घेणे बरोबर नाही.

शेवट कसा झाला?

२४ नोव्हेंबर १८६४ रोजी बूल घरून कॉलेजला नेहमीप्रमाणे पायी निघाले. अंतर साधारण ३ मैल. वाटेत मुसळधार पाऊस लागला. भिजलेल्या कपड्यांतच त्यांनी व्याख्यान दिले. ताप आला, तो फुप्फुसांत उतरला. मेरी यांचा होमिओपॅथीवर विश्वास होता आणि ज्याने आजार झाला त्यानेच तो बरा होईल या समजुतीने त्यांनी पतीला ओल्या चादरींत ठेवले, असे सांगितले जाते. ८ डिसेंबरला वयाच्या ४९ व्या वर्षी बूल गेले. मागे पाच मुली होत्या आणि पैसा फारसा नव्हता.

त्यांच्या तर्कगणिताचे पुढची कित्येक दशके तत्त्वज्ञानाच्या वर्गाबाहेर फारसे कोणाला काम पडले नाही. त्यांच्या अधिक चिन्हात विल्यम जेव्हन्स यांनी दुरुस्ती सुचवली. आज सर्चमध्ये ‘ऑर’ ज्या अर्थाने चालतो, म्हणजे हे, ते किंवा दोन्ही, तो अर्थ जेव्हन्स यांच्या बाजूचा. मग १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकी विद्यार्थ्याने एमआयटीच्या प्रबंधात दाखवले, की टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिलेच्या बंद-चालू स्विचना बूल यांचे बीजगणित तंतोतंत लागू पडते. त्याने ते मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकले होते. तिथून ० आणि १ सर्किटमध्ये आले, सर्किटमधून संगणकात.

बूल यांच्या मुलींपैकी ॲलिशिया यांनी चार मितींच्या भूमितीत नाव कमावले, ल्यूसी रसायनशास्त्रज्ञ झाल्या. धाकटी एथेल लिलियन वडील गेले तेव्हा जेमतेम सात महिन्यांची होती. ती मोठेपणी कादंबरीकार झाली. तिच्या ‘द गॅडफ्लाय’ या कादंबरीच्या लाखो प्रती सोव्हिएत रशियात खपल्या. १९६० मध्ये ९६ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले, तेव्हा त्या देशातल्या बँकांमध्ये आणि विद्यापीठांमध्ये वडिलांच्या ० आणि १ वर चालणारे संगणक येऊन बसले होते.